नकाशातलं झाड

रोज सकाळी पावणेदहाला कोर्टाचा बेलिफ आइस्क्रीमचा रिकामा डबा घेऊन ज्युरीच्या खोलीत यायचा आणि बाराही जण त्यात आपापले फोन टाकायचे. खटल्याबद्दल इंटरनेटवर काहीही शोधणं गुन्हा आहे, असं भिंतीवर वीतभर अक्षरांत लिहिलं होतं. न्यायाधीशबाई तेच दिवसातून दोनदा बजावायच्या. बेकरीच्या काउंटरमागे उभं आयुष्य काढलेल्या ग्लेनिसला ते कळलं होतं. डेसला कळू नये? चांगला शिकलासवरलेला, सरकारी नोकरीत चाळीस वर्षं जमिनी मोजलेला माणूस!

खटला तसा सरळ होता. टॅमसिन नावाची सोळा वर्षांची मुलगी सायकलवरून घरी येत असताना एका पिकअपने तिला वळणावर उडवलं. चालवणारा म्हणत होता, कांगारू आडवा आला. वळणासमोर राहणारा म्हातारा क्लेम नाकात ऑक्सिजनची नळी घालून साक्षीला आला होता. "मी व्हरांड्यात बसलो होतो," एकेका वाक्याला थांबून दम खात त्याने सांगितलं. "कांगारू नव्हता. ब्रेकसुद्धा नाही लावला त्याने." टॅमसिनची आई, कोरीन, तेव्हा तोंडावर रुमाल धरून बसली होती.

आठव्या दिवशी ज्युरीतले अकरा जण 'दोषी' म्हणत होते. राहिला होता एकटा डेस.

"म्हाताऱ्याला काही दिसलेलंच नाही," चहात बिस्कीट बुडवत तो म्हणाला.

"कशावरून?" ग्लेनिसने विचारलं.

"अहो, मध्ये भलंमोठं निलगिरीचं झाड आहे! काल घरी टॅबवर उपग्रहाचा नकाशा काढला, अंतरं मोजली. थापा मारतोय तो."

ग्लेनिसच्या डोक्यात तिडीक गेली. ती बहिणीकडे त्याच रस्त्याने जायची. ते झाड अपघाताच्या वर्षभर आधीच वादळात आडवं झालं होतं. या दीडशहाण्याच्या नकाशातलं चित्र जुनं होतं!

'झाड पडलंय, डेस.' एवढं म्हटलं असतं की काम झालं असतं. जेवणाच्या आत निकाल लागला असता. पण कोर्टात झाडाचं नावही कुणी काढलं नव्हतं. डेसचं उभं झाड बाहेरचं, तसं तिचं आडवं झाडही बाहेरचंच. ज्यावर वकिलाला एक प्रश्न विचारता आला नाही, अशा गोष्टीवर कुणाला तुरुंगात कसं धाडायचं? तिने ते शब्द गिळले.

"भिंतीवरचं वाचता येतं ना तुम्हाला?" ती म्हणाली.

"मी खात्री करून घेतली. शहानिशा करणं हा काय गुन्हा झाला?"

"हो, इथे हाच गुन्हा! तो बेलिफ आठ दिवस डबा घेऊन येतोय, तो काय आइस्क्रीम वाटायला?"

"जाऊ द्या ना, ग्लेनिस," शेजारची तरुण नर्स अजिजीने म्हणाली. "आपण विसरून जाऊ. त्या आईकडे तरी बघा."

"तिच्याकडेच बघतेय गं. पण बारा डोक्यांत झाड लावून ठेवलंय याने. ते आता उपटणार कोण?"

तिने न्यायाधीशबाईंना चिठ्ठी लिहिली. दोन तासांत ज्युरी बरखास्त झाली, खटला नव्याने चालवायचं ठरलं. खोलीतलं बोलणं जन्मात कुणालाही सांगायचं नाही, अशी सक्त ताकीद मिळाली. कोरीन उभी राहून विचारत होती, "म्हणजे? आमचं काय चुकलं?"

डेसची चौकशी लागली. तरी पार्किंगमध्ये तो म्हणालाच, "चला, गुरुवारचं गोल्फ तरी वाचलं." ग्लेनिसला वाटलं, याच्या एक ठेवून द्यावी.

नवा खटला सहा महिन्यांनी उभा राहिला. तोवर क्लेम गेला होता. आता त्याची साक्ष एक कारकून कागदावरून वाचून दाखवत होता, एका दमात.

जेवणाच्या सुट्टीत कोरीन बेकरीत आली. सँडविच मागता मागता थबकली.

"तुम्ही होता ना ज्युरीत? पहिल्या रांगेत?"

ग्लेनिसने पाव कापायला घेतला.

"वकील म्हणतात, ज्युरीत काहीतरी भानगड झाली. पुढे काही सांगत नाहीत. मला एकच सांगा. क्लेमवर विश्वास बसला होता ना तुमचा?"

बसला होता. अकरा जणांचा, शंभर टक्के. पण रस्त्यापलीकडे कोर्टात नवे बारा जण बसले होते. ग्लेनिसने नुसती मान हलवली असती, तरी ती डेसच्याच पंक्तीला जाऊन बसली असती.

तिने मान हलवली नाही. सँडविच कागदात गुंडाळत राहिली.

कोरीनने पैसे काउंटरवर ठेवले.

"म्हणजे नव्हता," ती म्हणाली, आणि सँडविच तिथेच ठेवून कोर्टाकडे निघून गेली.