तुलनेचा तारा

बाईंनी स्टीलची पट्टी उचलली आणि संगणकाच्या पडद्यावर आडवी धरली. आकडे समोर दिसत होतेच, पण नुसत्या आकड्यांवर त्यांचा कधी विश्वास बसला नव्हता. पट्टीच्या कडेला ठिपक्यांची सरळ रांग लागली. एकही ठिपका खाली उतरत नव्हता. त्यांनी पट्टी ठेवली, चष्मा काढून स्वेटरच्या बाहीला पुसला, पुन्हा चढवला आणि पट्टी परत धरली. ठिपके जागचे हलले नाहीत.

"अगं बाई," त्या म्हणाल्या.

ऐकायला खोलीत कोणी नव्हतं. दुपारची वेळ होती. डोंगरावरच्या त्या वेधशाळेत एके काळी दुपारी चहाला जागा पुरत नसे, लोक खिडकीच्या कट्ट्यावर बसत. पुढे दर वर्षी वरून निधी आखडत गेला. आधी स्वयंपाकी गेला, मग ग्रंथालयातली नियतकालिकं बंद झाली, मग धाकट्या दुर्बिणीवर ताडपत्री चढली ती चढलीच. आता मोठी दुर्बीण, ती चालवणारे नाना, फाटकावरचा पहारेकरी आणि बाई एवढाच संसार उरला होता. शेजारच्या क्वार्टर्सना कुलपं होती आणि कुलपांना गंज.

पडद्यावरची ही आपत्ती बाईंनी आपल्या हातानं ओढवून घेतली होती. परवा समिती येणार होती. दुर्बीण चालू ठेवायची की बंद करायची, ते ठरवायला. समितीपुढे करायच्या भाषणात सुरुवातीला एखादं देखणं छायाचित्र असावं, असं त्यांच्या मनात आलं. त्यांच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात आकाशाचा जेमतेम पोस्टाच्या तिकिटाएवढा तुकडा मावे. म्हणून त्यांनी दुसऱ्या एका वेधशाळेतल्या जुन्या मैत्रिणीकडून त्याच भागाची मोठी छायाचित्रं मागवली. तिनं बिचारीनं मागच्या कितीतरी वर्षांची पाठवली. छायाचित्रं खरोखर सुंदर होती. तिथंच थांबायचं की नाही! पण हात शिवशिवले, आणि बाईंनी त्यातले तारे मोजायला घेतले. सुखातला जीव दुःखात घालणं म्हणतात ते हेच.

ताऱ्याचं तेज मोजणं वाटतं तितकं सोपं नसतं. आज हवा स्वच्छ, उद्या धुरकट; आज आरसा लख्ख, महिन्याने धुळकट. म्हणून आपल्या ताऱ्याच्या शेजारचा एखादा शांत, न बदलणारा तारा धरायचा आणि आपला तारा त्याच्याशी ताडून बघायचा. हवा बिघडली तर दोघांनाही सारखीच बिघडते. त्या शेजाऱ्याला तुलनेचा तारा म्हणतात. आणि तो खरंच शांत आहे ना, यावर लक्ष ठेवायला तिसरा एक तारा ठेवायचा असतो. बाईंनीही ठेवला होता. पण मध्यंतरी नवा कॅमेरा आला, त्याची चौकट लहान होती, आणि तिसरा तारा चौकटीबाहेर गेला. बाईंनी त्याला जाऊ दिलं. तुलनेचा तारा इतका भरवशाचा, त्याच्यावर आणखी पहारेकरी कशाला?

आता मैत्रिणीच्या छायाचित्रांत आजूबाजूला डझनावारी तारे होते आणि सगळे मिळून एकच सांगत होते. बाईंचा तारा होता तसाच होता. कणाकणाने बदलत होता तो शेजारचा. तो उजळत होता, म्हणून बाईंचा तारा मंदावल्यासारखा दिसत होता.

'विझत चाललेला तारा' ही बाईंची जन्माची कमाई. त्यावर त्यांनी निबंध लिहिले होते, परदेशी जाऊन भाषणं दिली होती. तो पुढच्या काही वर्षांत कसा वागेल ते पाहायला ही दुर्बीण चालू राहायलाच हवी, असं समितीला सांगायचं ठरलं होतं. सगळी इमारत त्या एका खांबावर उभी होती.

त्यांनी खालच्या शहरात, संस्थेच्या संचालकांना फोन लावला. संचालक एके काळी त्यांचाच विद्यार्थी. बाईंनी सगळं सांगितलं.

"मॅडम, आत्ता? परवा समिती आणि आज तुम्ही हे काढलंत?"

"मी काढलं नाही रे, ते निघालं."

"नक्की?"

"पट्टी लावून बघितली."

"पट्टी!" संचालक हसले, पण त्या हसण्यात जीव नव्हता. "बरं, ऐका. खोटं बोला असं मी म्हणणार नाही, तुमच्यासमोर तर नाहीच. छापून आलंय तेवढंच दाखवा. मंजुरी पदरात पडू दे. मग दोन महिन्यांनी सावकाश दुरुस्ती छापा. शास्त्रात चुका होतातच."

"आणि तोवर मी काय करू?"

"गप्प बसा. तुम्हाला जमणार नाही, माहीत आहे मला. पण जरा नानांचा विचार करा. दुर्बीण बंद झाली तर तो माणूस कुठे जाईल? या वयात त्याला कोण घेणार?"

बाईंनी फोन ठेवला. त्यांनी चहा टाकला आणि तो निवेपर्यंत तसाच समोर ठेवला.

संध्याकाळी त्या घुमटात गेल्या. नाना घुमटाच्या चाकांना तेल देत होते. गुडघ्याखाली पोत्याचा तुकडा, कानामागे पेन्सिल. इतक्या वर्षांत बाईंनी त्यांना दुसऱ्या कुठल्या रूपात पाहिल्याचं आठवत नव्हतं. आपण येतो तेव्हा नाना असतात, जातो तेव्हा नाना असतात. कसं काय विचारलं की 'चाललंय' म्हणतात.

"नाना, समजा हे सगळं बंद झालं, तर तुम्ही काय कराल?"

तेलाचा डबा हवेतच थांबला. मग पुन्हा तिरका झाला.

"तुम्ही आहात तोवर मी आहे, बाई. जरा तो पाना द्या. तो नाही, मोठा."

बाईंनी पाना दिला. सांगायला आलेलं त्यांनी तसंच परत नेलं.

समिती आली ती तीन माणसांची. अध्यक्ष भौतिकशास्त्राचे जुने प्राध्यापक, त्यांना सर्दी झाली होती. दुसरे अर्थखात्याचे अधिकारी, चढ चढून दमलेले. तिसरी एक तरुण विदुषी, सतत लिहून घेणारी. संचालक मागच्या रांगेत बसले. त्यांनी बाईंकडे एकदा पाहिलं आणि मग आपल्या बुटांकडे.

पहिलं देखणं छायाचित्र पडद्यावर आलं. अध्यक्ष "वा" म्हणाले. पाठोपाठ आलेख आला, तो सावकाश खाली उतरत जाणारा, बाईंच्या नावाने ओळखला जाणारा. बाईंनी हातातली काठी त्यावर टेकवली.

"हा आलेख चूक आहे," त्या म्हणाल्या.

तरुण विदुषीचं लिहिणं थांबलं. मागे संचालकांची खुर्ची करकरली.

"समजा, एका वर्गात दोन मुलं शेजारी बसतात," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज शांत होता. लहान मुलांना समजावताना होतो तसा. "मी दर वर्षी त्यांना जवळजवळ उभं करते आणि बघते. दर वर्षी डावीकडचा मला आणखी ठेंगणा वाटतो. मी घाबरते. डॉक्टरांना सांगते, लेख लिहिते. एक दिवस सगळा वर्ग ओळीने उभा राहतो, आणि मला दिसतं की डावीकडच्याला काही झालेलं नाही. उजवीकडचा वाढत होता. माझं त्याच्याकडे लक्षच नव्हतं, कारण मी त्याला मोजपट्टी धरलं होतं."

अर्थखात्याच्या अधिकाऱ्यांनी रुमालाने मान पुसली.

"म्हणजे, बाई, आपण इतकी वर्षं ठणठणीत माणसाची नाडी धरून बसलो होतो?"

सगळे हसले. बाईही हसल्या, विनोद चांगला होता.

"हो. आणि तो आपला निमूटपणे हात देऊन बसला होता."

"आणि तो दुसरा? तो का उजळतोय?" अध्यक्षांनी नाक पुसत विचारलं.

"माहीत नाही."

"काही अंदाज?"

"अंदाज करायचा तरी काही वर्षं त्याच्याकडे बघावं लागेल. आजवर माझं प्रत्येक छायाचित्र त्याचंही होतं, पण मी त्याला कधी पाहिलंच नाही."

अध्यक्षांनी रुमालाची घडी घातली. "तुम्ही बोलला नसतात तर आम्हाला कळलं नसतं."

"नसतं कळलं."

"मग?"

"मला कळलं होतं ना."

अधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण लावलं. अध्यक्ष म्हणाले, "तुमचा हा प्रामाणिकपणा आम्ही अहवालात आवर्जून नोंदवू."

"त्याला रकाना नाहीये, सर," तरुण विदुषी हळूच म्हणाली. ती थट्टा करत नव्हती. तिने खरोखरच शोधून पाहिलं होतं.

संचालक गाडीत बसण्यापूर्वी बाईंजवळ आले. निर्णय झाला होता. हा हंगाम संपेपर्यंत दुर्बीण चालेल, त्यानंतर झाकण.

"मी रागावलो नाहीये, मॅडम."

"अरे, रागाव की. तेवढा हक्क आहे तुझा."

"कसला रागावतोय! शिकवलं कोणी हे? तुम्हीच." त्यांनी गाडीचं दार उघडलं, पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. "जेवत जा वेळेवर."

गाडी वळणामागे गेली. आवाज बराच वेळ येत राहिला, कारण डोंगरावर दुसरा आवाजच नव्हता. बाई फाटकाशी उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वाटलं, आत्ता कोणीतरी फोन करावा आणि काहीही फालतू विचारावं. भाजी कितीला मिळते, गुडघे कसे आहेत. फोन खिशात होता, तो गप्प होता. लावावा असा नंबर त्यांना आठवेना.

उजेड उतरू लागला तशा त्या घुमटात गेल्या. नाना आधीच आले होते. बाई लोखंडी जिन्याच्या खालच्या पायरीवर टेकल्या.

"नाना, मी तुमच्या पोटावर पाय दिला. मला ठाऊक होतं, तरी दिला."

नानांनी फडक्याने हात पुसायला घेतले. एकेक बोट, सावकाश.

"बाई, एक सांगू? रागावणार नसाल तर."

"आज सगळ्यांना रागाचंच पडलंय. बोला."

"मी बदली मागितली होती. खालच्या ऑफिसात. जुन्या संचालकसाहेबांच्या वेळीच तोंडी सांगून ठेवलं होतं. ते हो म्हणाले होते."

"समितीमुळे?"

"छे! समितीचं नावसुद्धा नव्हतं तेव्हा."

बाईंनी वर पाहिलं. नाना फडक्याकडे बघत होते.

"मग गेला का नाहीत?"

"साहेब म्हणाले, आधी बाईंना सांगा. सांगायला म्हणून तुमच्याकडे यायचो. तुम्ही म्हणायचात, नाना, आज हवा छान आहे, चला. मग म्हटलं, एवढा हंगाम काढू. मग पुढचा." ते थोडं हसले. "तुम्हाला तरी दुसरं कोण होतं इथे?"

"मला वाटायचं, तुम्हाला इथेच आवडतं."

"आवडतं की! पण घर म्हणून काही असतं ना, बाई. बायको एकटीच असते तिकडे."

"एकटी कशी? मुलगी आहे की. कितवीत आहे ती आता?"

नाना मोठ्यांदा हसले. त्या हसण्यात जराही किल्मिष नव्हतं, आणि त्याचाच बाईंना त्रास झाला.

"नोकरीला लागली हो! परगावी असते. मिठाई आणली होती मी. तुम्ही खाल्लीत दोन तुकडे. तेव्हा मोजणी चालली होती तुमची."

बाईंनी आठवून पाहिलं. त्या दिवसांची मोजणी त्यांना तोंडपाठ होती. मिठाईची चव काही केल्या जिभेवर येईना.

नानांनी कळ दाबली. घुमटाची झापं दोन बाजूंना सरकली आणि वर निळसर, अजून पुरतं न काळोखलेलं आकाश उघडलं. तेल दिलेली चाकं आवाज न करता फिरली.

"चला. नेहमीच्याच ठिकाणी लावू?"

"नको. शेजारचा मध्ये घ्या."

नानांनी मान हलवली आणि आकडे टाकले. दुर्बीण जराशीच सरकली. इतकी थोडी, की पाहणाऱ्याला कळलंही नसतं.

"आणि तुलनेला कोणता धरू?"

बाई उठून पडद्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसल्या.

"एकावर नको. चार-पाच घ्या, लांबचे. आणि तेही अधूनमधून तपासत जाऊ."

"चौकटीत मावायचे नाहीत. दर वेळी दुर्बीण हलवावी लागेल. वेळ जाईल."

"जाऊ दे."

नाना कामाला लागले. पडद्यावर पहिलं छायाचित्र उमटायला सुरुवात झाली, वरून खाली, ओळीओळीने. एरवी बाई अशा वेळी कोणाला बोलू देत नसत.

"तुमच्या घरी," त्या म्हणाल्या, "दिवसभर काय करतात त्या, एकट्या?"

नानांनी दचकून त्यांच्याकडे पाहिलं. मग खाकरले. "काय करणार? सकाळी उठते, शेजारणीशी भांडते..." ते सुरू झाले, आधी अडखळत, मग हातवारे करत.

छायाचित्र पूर्ण झाल्याची बारीक शीळ वाजली. बाईंनी मान वळवली नाही. त्यांनी खुर्ची पडद्यापासून जराशी फिरवून नानांकडे केली होती.