मानेवरचा मळ

दुर्दोनाची मान काळी पडायला लागली तेव्हा तिच्या आईने, मावजुदाने, आधी मुलीच्या आळसालाच दोष दिला. तेरा वर्षांची झाली तरी नीट आंघोळ करता येत नाही म्हणजे काय, असं म्हणत तिने लेकीला न्हाणीत बसवलं आणि खरखरीत हातमोज्याने मान घासायला घेतली. मान लाल झाली, काळेपणा जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवशी लिंबू लावून झालं, तिसऱ्या दिवशी दही. चौथ्या दिवशी नवऱ्याची थोरली बहीण, होलिदा अम्मा, टाचा घासायचा दगड घेऊन आली, तेव्हा दुर्दोनाने न्हाणीला आतून कडी घातली.

"मी काही गालिचा नाहीये," एवढंच ती आतून म्हणाली.

मावजुदा उझबेकिस्तानातल्या कोकंद शहरात बायकांचे झगे शिवायची, आणि कुठल्याही संकटावर तिला आधी कापडच सुचायचं. तिने शाळेच्या सदऱ्याला उंच कॉलर लावली. मानेवरचा काळा पट्टा रुंदावला तशी कॉलर चढत गेली. मे महिन्यापर्यंत ती कानाच्या पाळ्यांना टेकली आणि वर्गातली मुलं दुर्दोनाला जनरलसाहेब म्हणायला लागली.

लेकीचं वजन पंचाहत्तर किलो होतं, पण त्याचं घरात कुणालाच काही वाटत नव्हतं. अम्मा तर शेजारणींसमोर तिचे गाल ओढून दाखवायची, की आमच्याकडे पोर कशी भरली आहे बघा. मावजुदाला झोप लागत नव्हती ती वेगळ्याच गोष्टींनी. मुलीची पाळी साडेनऊ वर्षांची असतानाच आली होती. बाहुलीचा झगा शिवून मागायच्या वयात तिला ते सगळं समजावताना मावजुदाच जास्त रडली होती. आणि आता सात महिने पाळीचा पत्ता नव्हता. त्यात वरच्या ओठावर लव दाट व्हायला लागली होती. हे विचारायचं कुणाला? अम्माला सांगावं तर संध्याकाळपर्यंत मोहल्लाभर झालं असतं. म्हणून मावजुदाने तिला लेकीचं पोट बिघडलंय असं सांगितलं. अम्माने लगेच नजर लागल्याचं निदान केलं आणि दृष्ट काढायच्या इसिरिक झुडपाच्या वाळक्या काड्या पेटवून घरभर असा धूर केला, की शेजारचा म्हातारा पाण्याची बादली घेऊन धावत आला.

शेवटी कवायतीच्या तासाला, भर उन्हात, त्या कॉलरमध्ये दुर्दोनाला चक्कर आली. शाळेच्या नर्सने कॉलर सोडली, मान पाहिली, आणि घासण्याबद्दल अवाक्षर न काढता हार्मोनच्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली.

मावजुदाला लेकीला घेऊन गुपचूप जायचं होतं. पण फाटकाबाहेर अम्मा चांगला रुमाल बांधून उभीच होती. आपल्या भावाची मुलगी आजारी असताना मी घरी बसू का, असं तिने विचारलं, आणि सगळ्यांच्या पुढे चालायला लागली.

डॉक्टर सानोबार-ओपा, म्हणजे सानोबारताई, बारीक चणीच्या आणि सावकाश बोलणाऱ्या होत्या. त्यांनी आधी मुलगी काय खाते ते विचारलं. मावजुदा म्हणाली की फारसं काहीच नाही, चिमणीसारखं टिपते. मग डॉक्टरांनी तोच प्रश्न दुर्दोनाला केला, आणि तिने सगळं खरं सांगितलं. सकाळी घरी साय लावून दीड नान आणि खडीसाखरेचा चहा. शाळेच्या वाटेवर अम्माचं घर, तिथे पुन्हा नाश्ता, कारण आईने उपाशीच पाठवलं असणार अशी अम्माची खात्री. दुपारी बाबांच्या दुकानातले दोन समोसे, कारण बाबांना वाटतं घरी भाज्याच वाढतात. संध्याकाळी जेवण. आणि झोपताना आई बिस्किटं देते, दिवसभर पोर बाहेर असते म्हणून.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे वाढणारे तिघं, आणि खाणारी एकटी."

"माझ्या दारावरून पोर तशीच जाऊ द्यायची का?" अम्मा म्हणाली.

मग डॉक्टरांनी समजावलं. मानेवर मळ नाहीच. अंगात चरबी फार साठली की साखर जिरवणारं इन्सुलिन नीट लागू पडत नाही. मग शरीर ते आणखी आणखी तयार करतं. त्या जादा इन्सुलिनने मानेची कातडी काळी आणि जाड होते. तेच बीजकोशांना डिवचतं, आणि मुलींच्या अंगात एरवी थोडंच असणारं पुरुषी हार्मोन वाढतं. म्हणून लव, म्हणून मुरमं, म्हणून पाळी अडलेली. पाळी इतक्या लवकर येण्यातही वजनाचा हात असू शकतो. रक्त तपासायचं, पोटाची सोनोग्राफी करायची, मग नक्की कळेल.

पाळी हा शब्द ऐकून अम्माने मावजुदाकडे वळून पाहिलं. पोट बिघडलं होतं ना, असं त्या नजरेत होतं.

"घराण्यात कुणाला असा त्रास?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे," मावजुदा म्हणाली, जरा जास्तच पटकन.

डॉक्टरांनी तिला मानेभोवतीचा रुमाल थोडा सैल करायला सांगितलं. मावजुदाने गारठा असल्याचं सांगितलं. भिंतीवरचा पंखा जोरात फिरत होता. शेवटी तिने गाठ सोडली. रुमालाखाली, बावीस वर्षं कुणाला न दिसलेल्या मानेवर, तस्साच काळा पट्टा होता.

दुर्दोना आईला हळूच म्हणाली, "ओयी, तुम्ही दर बुधवारी दार लावून दोरा घेऊन बसता, म्हणजे ते शिवण नसतं."

मावजुदाचे कान लाल झाले. "ओठावरचे केस काढते," ती म्हणाली. "तुझ्याएवढी होते तेव्हापासून."

"आणि माझी मान घासत होतात?"

"माझी माझ्या आईने घासली होती," मावजुदा म्हणाली, आणि हसावं की रडावं ते न कळून तिने दोन्ही केलं. दुर्दोना खुर्ची सरकवून तिच्या जवळ बसली. कित्येक दिवसांत ती आपणहून जवळ आली नव्हती.

डॉक्टर म्हणाल्या की यात मुलीचा गुन्हा काही नाही आणि तिला उपाशी ठेवायचं नाही. घरातल्या सगळ्यांनीच एकसारखं खायचं, गोड चहा सोडायचा, रोज तासभर चालायचं. आईनेही तपासून घ्यायचं.

तपासण्यांत तेच निघालं, सुदैवाने साखर अजून वाढलेली नव्हती. मग तिघी रोज संध्याकाळी नदीकाठाने चालायला लागल्या. अम्मा फक्त देखरेखीला येत होती. पहिल्या आठवड्यात तिने ओढणीखाली भोपळ्याच्या पुऱ्या आणल्या, भोपळा ही भाजीच आहे म्हणून. दुर्दोनाने त्या पुलावरच्या रखवालदाराला देऊन टाकल्या. पुढे अम्माचे गुडघे दुखायचे थांबले आणि तीच मागे वळून दोघींना रेंगाळू नका म्हणून दटावायला लागली. उन्हाळ्यात दुर्दोनाचं वजन चार किलो उतरलं, दोन परत चढलं, मग पुन्हा पाच उतरलं. मधे एकदा ती चिडून तीन दिवस चाललीच नाही. मान थोडी उजळली, पूर्ण नाही.

ऑक्टोबरात मोहल्ल्यात एक लग्न होतं. बायकांच्या मांडवात मावजुदा हात उंचावून नाचत होती, तेवढ्यात दुर्दोना येऊन तिच्या कानात काहीतरी कुजबुजली. मावजुदा गर्दीच्या मधोमध थांबली आणि तिने लेकीच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. अम्मा धावत आली. काय झालं ते कळल्यावर तिने तोंडावर हात ठेवला, पण तिच्या डोळ्यांतलं पाणी जवळच्या मेजाभोवती बसलेल्या बायकांनी पाहिलं. काय झालं, काय झालं, सुरू झालं.

"आमची दुर्दोना," अम्मा म्हणाली आणि अडखळली, "पास झाली."

सगळ्या मेजांवरून मुबारक, मुबारक झालं. एकीने दुर्दोनाच्या डोक्यावर चॉकलेटं उधळली, दुसरीने गाणाऱ्याला चिठ्ठी पाठवली. गाणाऱ्याने माइकवरून सांगितलं की मोहल्ल्याची हुशार मुलगी परीक्षेत पास झाली आहे, टाळ्या होऊन जाऊ द्या. तिच्या नावाने एक गाणंही लागलं.

"कुठली परीक्षा म्हणून विचारलं तर काय सांगू?" दुर्दोनाने दातांतून विचारलं.

"ताशकंदची सांग," मावजुदा म्हणाली. "आणि आत चल आधी, माझ्या पिशवीत पॅड आहेत."