पानांत बांधलेली सायकल

"हँडल अजून दिसतंय, टिपणीस," नर्सबाई म्हणाल्या.

"दिसणारच. चादर आहे ही, गारुड्याची पोतडी नव्हे," मी म्हणालो.

माझ्या घराच्या मागच्या पडवीत आम्ही दोघं अर्धा तास त्या सायकलशी झुंजत होतो. आधी वर्तमानपत्रं झाली. ब्रेकच्या दांडीने ती टराटरा फाडली. मग दवाखान्यातली चादर आली. चादर पांघरल्यावर सायकल सायकलसारखीच दिसू लागली, फक्त आजारी.

बाईंचं म्हणणं असं, की नाताळची भेट बांधलेलीच पाहिजे. आत काय आहे ते मुलाला उघडेपर्यंत कळता कामा नये. नगरच्या मिशनमध्ये मडमा अशाच भेटी देत म्हणे. बाई तिथेच वाढल्या. मडमांनी त्यांना नर्सिंग शिकवलं, ताठ मानेने चालायला शिकवलं आणि जाताना असली खुळं मागे ठेवली. मडमा द्यायच्या त्या बाहुल्या आणि रुमाल. ते कागदात मावतात. सायकल मावत नाही, हे कळायला फार अक्कल लागत नाही. पण मुरबाडात तेवढ्या अकलेचीही वानवा, म्हणून ते मला सांगावं लागलं.

मी मुरबाडच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. ही एकोणसाठ सालची गोष्ट. अकरा वर्षं मी लाल औषध लाल बाटलीत आणि पिवळं पिवळ्या बाटलीत भरत होतो, आणि लोक मला डाक्टर म्हणत होते. ज्या गावात कंपाउंडरला डाक्टर म्हणतात त्या गावाबद्दल आदर वाटणं अवघड आहे. मला तो कधी वाटला नाही. मामलेदार नाकाने कांदे सोलणारा, दुकानदार मापात मारणारे, आणि आमचे डॉक्टर दुपारच्या झोपेसाठीच जन्माला आलेले. मी सगळ्यांना नावं ठेवत असे. तेवढी एक करमणूक होती.

आमच्या नर्सबाई, रिबकाबाई साळवे, मात्र माझ्याहून वरचढ निघाल्या. तालुक्यातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली, आणि त्या हातचं पाणी प्यायला निम्मा तालुका तयार नव्हता. बाईंना हे पक्कं ठाऊक होतं. त्या सगळ्या तालुक्याकडे एकाच नजरेने बघत, ती म्हणजे बाळंतिणीच्या खोलीत चपला घालून शिरलेल्या माणसाकडे बघायची. आमचं दोघांचं बरं जमायचं ते त्यामुळेच.

सायकल होती एस्तेरसाठी. एस्तेर म्हणजे बाईंनी वाढवलेली पोर. आठ वर्षांपूर्वी टोकावड्याकडच्या एका कातकरवाडीतून, म्हणजे काथोड्यांच्या वस्तीतून, कमळू नावाच्या बाईला झोळीत घालून आणलं होतं. दोन दिवस अडली होती. आणली तेव्हा तिच्यात करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पोर वाचली, आई गेली. बाप बुधू, मिसरूडही धड न फुटलेला, पायरीखाली उभा होता.

"हिला दूध कुटलं पाजू, बाय?" तो म्हणाला होता. "तुमी वाडवा. थोर झाली का नेन."

त्याने तिचं नाव तानी ठेवलं. बाईंनी एस्तेर केलं. दर वर्षी पाऊस सरला की बुधू यायचा, मधाचं गाडगं नाही तर करांद्यांची, म्हणजे रानकंदांची, पाटी पायरीवर ठेवायचा, अंगणात खेळणाऱ्या पोरीकडे दुरून बघायचा आणि जायचा. बाई मध गाळून घेत. त्याला पायरी चढू देत नसत.

त्या वर्षी त्याने मोळीवाल्या ठकूबरोबर निरोप पाठवला, की नाताळच्या सुमाराला आम्ही कर्जतकडे कोळशाच्या भट्टीवर निघू, जाताना तानीला नेतो, आता मोठी झाली. बाई त्याच दिवशी मामलेदाराकडे गेल्या. मामलेदाराने कागद मागितला. कागद कुठला असणार? बाप दारात मागायला आला तर पोर द्यावी लागेल, असं सांगून त्याने पान लावायला घेतलं.

"मुलीने स्वतःच नाही म्हटलं पाहिजे," बाई मला म्हणाल्या. "बापासमोर, चार लोकांसमोर. मग कोण नेतो ते बघते."

आणि म्हणून सायकल. मामलेदाराच्या पोराकडे एक होती. एस्तेरने तिच्या घंटीला एकदा हात लावला, तर त्याने "काथोडीण, हो लांब" म्हणून तिला ढकललं होतं. बाईंची एक मैत्रीण मुंबईत इस्पितळात होती. तिने जुनी पण चांगली लहान सायकल मिळवून दिली. कल्याणपर्यंत रेल्वेने आणि तिथून एस.टी.च्या टपावरून ती माझ्या पडवीत येऊन पडली.

"त्याच्याकडे काय आहे पोरीला द्यायला?" बाई म्हणायच्या. "धूर. ही सोडून ती धुरात जाईल का, टिपणीस?"

याला सरळ भाषेत लाच म्हणतात. मी तसं म्हटलंही. बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण चादरीची गाठ त्यांनी तीनदा बांधली आणि तीनदा सोडली, आणि बाळंतिणीची नाळ बांधताना त्यांना दुसऱ्यांदा हात घालावा लागलेला मी कधी पाहिला नव्हता.

"उद्या सकाळपर्यंत काहीतरी करा," असं म्हणून त्या ड्युटीवर गेल्या.

त्यांना जाऊन घटकाभर झाली नाही तोच मागच्या कुंपणापाशी कोणी खाकरलं. बुधू होता. अंगात अर्धी बंडी, कमरेला कोयता, काखोटीला गाठोडं.

"कंपाउंडरसायेब, बायला जरा सांगा ना," तो म्हणाला. "मना तिच्याम्होरं बोलाया जमत नाय."

"काय सांगू?"

"तानीला नेतो म्हून. आमचा मानसं टोकावड्याला थांबल्यात. भट्टीवं बारकी पोरं बगाया कोन नाय. दुसरी बायको नि मी लाकडं तोडाया जातो, नि तिची पोर मालू, तिला अजून कडंवं घ्यावी लागतं. तानी आसली तर बगंल."

पाहा. बाप म्हणे. आठ वर्षांनी माया उफाळून आली ती दाई फुकटात मिळावी म्हणून. मला हे फार आवडलं. माणसाबद्दल माझं जे मत आहे त्याला पुष्टी मिळाली की मला नेहमीच बरं वाटतं. आणि मग मला एक गंमत सुचली. माझ्या डोक्यात येणाऱ्या गमती बहुतेक अशाच जातीच्या असतात.

"सांगतो," मी म्हणालो. "पण आधी माझं एक काम कर. हे बांधायचंय. आत काय आहे ते ओळखू येता कामा नये."

त्याने चादर उचलून पाहिलं. सायकलभोवती एक फेरी मारली. "बांदू की," म्हणाला आणि कोयता घेऊन ओढ्याकडे गेला.

तो परत आला तो पळसाच्या पानांचा भारा आणि दोन ओले बांबू घेऊन. अंगणात उकिडवा बसून त्याने बांबू चिरले, लांबच लांब पट्ट्या काढल्या आणि विणायला सुरुवात केली. पावसात डोक्यावर घ्यायचं इरलं करतात तशी ती वीण होती. आधी पट्ट्यांची जाळी, तिच्यावर पानं, वर पुन्हा जाळी. हँडलच्या दोन्ही टोकांवरून त्याने एक कमान काढली आणि ती सीटच्या मागे उतरवली. मी खुर्ची टाकून बघत बसलो. इतक्या वेळात बाई आणि मी एक गाठ मारू शकलो नव्हतो, हे मला आवडलं नाही.

निम्मं काम झाल्यावर त्याने विचारलं, "कोनासाटी हाय ह्यो?"

या प्रश्नाचीच मी वाट पाहत होतो.

"तुझ्या पोरीसाठी," मी म्हणालो. "बाई देणार उद्या. नाताळ आहे ना त्यांचा. तुझ्याबरोबर येऊ नये म्हणून ही तजवीज."

त्याचा हात थांबला. मला वाटलं आता कोयता फेकेल, नाही तर शिव्या देईल, नाही तर रडेल. यातलं काहीही चाललं असतं. त्याने न झाकलेल्या बाजूने हात घातला आणि पायडल हलकेच फिरवलं. मागचं चाक गरगर फिरलं. ते थांबेपर्यंत तो बघत राहिला.

"ही भट्टीवं चालंल का?" त्याने विचारलं.

मी हसलो. अगदी मोठ्याने हसलो. "भट्टीवर? तिथे माणसाला चालायला वाट नसते. राखेत चालवणार का?"

"नाय," तो म्हणाला. "तसा नाय चालायचा."

पुन्हा काम सुरू झालं. मग त्याने ब्रेकच्या दांडीचं टोक अंगठ्याने चाचपलं.

"सोडताना हिचा हात कापंल," तो म्हणाला. त्याने कोवळी पानं निवडून त्या टोकाला गुंडाळली, वर बारीक दोरी आवळली आणि पुन्हा अंगठा फिरवून पाहिला. "शाळंत जातं का ती?"

"तिसरीत आहे."

"वाचतं?"

"वाचते. माझ्याहून बरं वाचते."

त्याने मान हलवली. उन्हं कलायच्या आत सायकल नाहीशी झाली. पडवीत एक हिरवागार ढीग बसला होता, रेडकाएवढा. मीसुद्धा आत सायकल आहे असं शपथेवर सांगितलं नसतं. बुधूने भोवतालचा कचरा गोळा केला, कुंपणापलीकडे टाकला आणि गाठोडं उचललं.

"थांब, बाई येतील आता," मी म्हणालो. "तुझं सांगायचंय ना?"

"नको."

"अरे, मग मालूला कोण बघणार?"

"मालू झाली आता थोर," तो म्हणाला. "ती बगंल बारक्यांना."

मघाशी मालूला कडेवर घ्यावं लागतं असं सांगणारा हाच माणूस. मला खोटं लगेच कळतं, माझा स्वतःचा सराव दांडगा आहे.

"बायला सांगा, बुधू आलाच नाय," तो म्हणाला. "नि ह्यो तुमी बांदला म्हना. माजा म्हनलात तर बाय ठेवायची नाय."

तो कुंपणावरून गेला तो टोकावड्याच्या रस्त्याने. बाई आल्या तेव्हा मी सांगितलं की मीच बांधली. त्यांनी ढिगाला प्रदक्षिणा घातली आणि माझ्याकडे प्रथमच जरा आदराने पाहिलं.

नाताळच्या सकाळी बाईंच्या बिऱ्हाडात कागदाचा तारा लटकत होता. त्यांनी बायबलमधला अध्याय वाचला, एक गीत म्हटलं. फाटकाशी वॉर्डबॉय गणू काठी घेऊन उभा होता, कारण बाईंना अजून बुधूची भीती होती. मग गणूने आणि मी तो ढीग आणून मधोमध ठेवला. एस्तेरने नवा फ्रॉक सावरत त्याच्याभोवती चक्कर मारली.

कुठलंही पोर ओरबाडून काढेल, तसं तिने केलं नाही. खाली बसली, एक पट्टी कुठून कुठे जाते ते बोटाने माग काढत पाहिलं आणि टोक सापडल्यावर तिथून सोडवायला लागली. कोणी शिकवलं नव्हतं तिला. पानं एकावर एक रचून बाजूला ठेवत गेली. ब्रेकच्या दांडीपर्यंत आल्यावर ती मऊ गुंडाळी सोडवताना ती थोडा वेळ थांबली.

सायकल दिसली तेव्हा तिने घंटी वाजवली. लगेच नाही, आधी बाईंकडे बघून, विचारून. बाईंनी मान हलवली आणि चष्मा पुसला.

दुपारपर्यंत ती अंगणात पडली, उठली, पुन्हा पडली. बाई तिच्याकडे कमी आणि रस्त्याकडे जास्त बघत होत्या. बारा वाजले तेव्हा त्यांनी गणूला काठी ठेवायला सांगितलं.

"बघितलंत?" त्या मला म्हणाल्या. त्यांचा आवाज सुटका झाल्यासारखा होता. "आला का? कुठे वाटेत दारू मिळाली असेल, पोर विसरली असेल. पोटच्या पोरीची ही किंमत या लोकांना. आणि मामलेदार म्हणे बापाला द्यावी लागेल."

मी आयुष्यभर माणसांना नावं ठेवत आलो, आणि ती सगळी मनापासून ठेवली. त्या दिवशी मात्र बाईंनी ठेवलेलं नाव मला पटलं नाही. मला लाज वाटत होती. मला ते सांगून टाकायचं होतं, आणि सांगितलं असतं तर बाईंच्या पदरातली पोर काही गेली नसती. पण त्या सायकलकडे त्यांनी पुन्हा सुखाने बघितलं नसतं. आणि मी शब्द दिला होता, किंवा दिला नव्हता, पण त्याने घेतला होता.

"हो," मी म्हणालो. "तसलीच माणसं ती."

एस्तेर आतून ताटली घेऊन आली. गुडघा फुटला होता, त्यावर बाईंनी आयोडीन लावलं होतं. ताटलीत केकचा तुकडा होता. तिने तो दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"काका, पहिला तुकडा तुम्हाला. आई म्हणाली, तुम्ही बांधलंत म्हणून."

मी ताटली घेतली.

"तसं विणायला मला शिकवाल?" तिने विचारलं.

ती उत्तराची वाट पाहत उभी होती. बाई हसून माझ्याकडे बघत होत्या.

"शिकवीन," मी म्हणालो, आणि केक खाल्ला.