फरशी पुलाचं फाटक

टपालाने आलेली शेवटची मतं मोजून कारकून नदीनने बाजूला सारली, चष्मा काढला आणि ओटो बेहरेन्सकडे न बघता म्हणाली,

"निवडणूक गेली, जज. रॉयस टिडवेल निवडून आला."

चार निवडणुका जिंकून ओटो या काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, जज राहिला होता. म्हणायचं जज, पण टेक्सासच्या या डोंगराळ भागात त्याचं निम्मं काम कोर्टाचं आणि निम्मं रस्त्यांचं, वणव्यांचं, पुराचं.

"नवीन वर्षापर्यंत खुर्ची तुमचीच आहे," नदीन म्हणाली. "ॲपल पाय करून आणलाय. खाऊन जा."

"हरणार हे तुला आधीच ठाऊक होतं तर."

"जिंकला असतात तरी हाच खायचा होता."

त्याने काटा उचलला आणि फोन वाजला. ओढ्याच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या मिसेस कांतू बोलत होत्या.

"जज, इकडे आभाळ फाटलंय. पाणी लाल झालंय."

खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं. ओटोने काटा खाली ठेवला. मे महिन्यात असाच फोन आला होता, तेव्हा तो म्हणाला होता, जरा वाट बघू. त्या संध्याकाळी त्याची बायको व्हर्ना चर्चमधल्या गाण्याच्या सरावाहून ओढ्यावरच्या फरशी पुलावरून घरी येत होती. गाडी दुसऱ्या दिवशी सापडली.

म्हणून ऑगस्टमध्ये ढग दिसताच त्याने अर्धं गाव शाळेत हलवलं. थेंबही पडला नाही. रॉयसने प्रचारभर तेवढंच सांगितलं, की जजला ढग दिसला की धडकी भरते. लोक हसले. ते खोटंही नव्हतं.

रस्त्यांवर काम करणारी काउंटीची माणसं ओढ्यापलीकडे, रॉयसने निकालासाठी ठेवलेल्या जेवणाला गेली होती. कोणीही फोन उचलत नव्हतं. ओटो स्वतःच गाडी घेऊन निघाला.

पुलावर घोटाभर नितळ पाणी होतं. त्याने पुरात रस्ता बंद करायचं अलीकडचं फाटक ओढलं, साखळी घातली, कुलूप लावलं. पलीकडचं उघडंच होतं. तिकडे चालत जायला त्याचा पाय उचलेना.

मागे पिकअप थांबली. नवी हॅट घातलेला रॉयस खाली उतरला.

"जज, हरलात म्हणून माझं जेवण अडवता होय?"

"वर पाऊस झालाय."

"एक ढग दाखवा. एवढासा."

ओटोने पलीकडच्या उघड्या फाटकाकडे पाहिलं आणि रॉयसच्या बायकोबद्दल विचारलं.

"लोर्ना कुठे आहे?"

"पलीकडे. मला उशीर झाला म्हणून बघायला निघाली असेल."

"तिला फोन कर. पुलावर येऊ नको म्हणावं."

"अहो जज..."

"मला हसायचं तर हास, पण कर फोन."

रॉयसने हसत फोन लावला. "लोर्ना, थांब तिथेच. जजसाहेबांना पूर दिसतोय. हो, उन्हात! त्यांचं मन राख, त्यांचा वाईट दिवस आहे आज."

फोन खिशात घालताना तो थबकला. ओढ्याच्या वळणामागून खडीचा ट्रक रिकामा करावा तसा आवाज येत होता. आधी काटक्या आल्या. मग तांबडं पाणी उभंच्या उभं आलं, त्यात एक अख्खं झाड होतं, आणि पूल दिसेनासा झाला.

पलीकडच्या उतारावर एक पांढरी गाडी उभी होती. लोर्ना बाहेर येऊन दाराला धरून उभी होती.

रॉयसने तिला हात केला. मग दोन्ही हातांनी फाटक पकडलं.

पाण्याकडे बघत तो म्हणाला, "तुम्हाला कळलं कसं?"

"कळलं नाही. भीती वाटली."

"दर वेळी वाटते?"

"दर वेळी. आणि बहुतेक वेळा पाणी येत नाही."

ओटोने कुलपाची किल्ली पुढे केली. रॉयसने तिच्याकडे पाहिलं. हात फाटकावरून काढला नाही.

"जानेवारीत द्या," तो हळूच म्हणाला.

पुलाच्या तोंडाशी पाण्याची उंची दाखवणारा खांब असायचा. तो मे महिन्याच्या पुरात वाहून गेला. नवा अजून रोवायचा राहिला होता; जानेवारीनंतर ते काम रॉयसचं.