भाड्याचं दार

आमच्या वस्तीत दार ही चीजच नाही. शनिशिंगणापूर हाकेच्या अंतरावर, तिथल्या देवाची राखण आमच्यावरही. घरांना चौकटी आहेत, दारं नाहीत. येणाऱ्यानं उंबऱ्याशी मोठ्यानं खाकरायचं आणि थांबायचं. आतून ‘या, आत या’ आलं की मगच पाय टाकायचा.

अशा वस्तीत आमचे सासरे काकासाहेब, म्हणजे सरपंच, शेवगावच्या वखारीतून आमच्या घरासाठी एक दार भाड्यानं घेऊन आले. साल एकाहत्तर. आपले क्रिकेटवाले वेस्ट इंडिजला हरवून नुकतेच परतले होते. तिकडच्याच त्रिनिदाद बेटावरचा एक माणूस पणजोबाचं गाव शोधत येणार, असा निरोप तालुक्याहून आला. तो म्हणे तिथं आपलं जुनं घर प्रवाशांना दाखवतो. त्याला आम्ही रानटी वाटायला नको, ही मामंजींची काळजी. बाकीच्या घरांपुढे त्यांनी पत्रे उभे करायला लावले.

“देवाला काय वाटंल?” मी विचारलं.

“भाड्याचं हाय. संध्याकाळी परत जानार. देवाला कळतं.”

देवाशी त्यांचं परस्पर बोलणं झालं असावं.

मामंजींची आत्या दगडाबाई, ऐंशीच्या पुढची, त्या दाराकडे नुसती बघत बसली होती. तिच्या आज्याचा भाऊ सहादेव एका पलटणीचे घोडे सांभाळत कलकत्त्याला गेला आणि तिथून बोटीत बसला, एवढंच घरात ठाऊक होतं. त्याचं पुढं काय झालं हे कळल्याशिवाय मरायचं नाही, असं आत्यानं ठरवून टाकलं होतं. पाहुण्याचं आडनाव सहादेव आहे हे ऐकल्यापासून तिला घास गिळवत नव्हता.

छगन सुताराचा जन्म नांगर-पाभरी करण्यात गेलेला. त्यानं विचारलं, “कडी कुठं बसवू?”

“पाव्हन्याला दिसंल अशी!” मामंजी गरजले आणि फेटा बांधायला आत गेले.

छगननं कडी बाहेरून बसवली. जीपचा आवाज आला तसं त्यानं कौतुकानं दार ओढलं, कडी घातली आणि खुळखुळू नये म्हणून वर हातोडीचे दोन ठोके दिले. कडी जाम झाली.

पाहुणा उतरला. काळासावळा, चट्ट्यापट्ट्यांचा सदरा. दार पाहून त्याचा चेहराच पडला. सोबतचा दुभाषा म्हणाला, “साहेब म्हणतात, हे गाव नव्हे. पणजोबांच्या गावात दारं नव्हती. म्हणून त्यांनी तिथंही घराला दार लावलं नाही.”

“आमच्या गावात दारं न्हाईत!” मामंजी दाराआडून ओरडले. “देवाशपथ! एकबी दार न्हाई!” आणि आतून धाडधाड बुक्क्या.

दुभाष्यानं हे भाषांतर करायचं टाळलं. पाहुणा जीपकडे वळला. आत्या उठायला धडपडली, तिचं तोंड रडवेलं झालं होतं. मला मामंजींचा असा राग आला, की त्यांना तसंच आत ठेवावं वाटलं.

पण पाहुणा माणूस भला. कोंडलेल्याला सोडवावं म्हणून मागं फिरला. उंबऱ्याशी आला आणि सवयीनं मोठ्यानं खाकरला. मग थांबला.

आतल्या बुक्क्या बंद झाल्या.

“या, आत या!” मामंजी म्हणाले.

आम्ही सगळे हसलो. कडीआड कोंडलेला माणूस पाहुण्याला आत बोलवत होता! पाहुणा मात्र हसला नाही. त्यानं दुभाष्याला विचारलं, “काय म्हणाले ते?” सांगितल्यावर तो उंबऱ्यावरच बसला.

मग कळलं. त्याच्या घरात खाकरायची रीत पणजोबानं घालून दिलेली. बोटीनं येणाऱ्या गोऱ्या मडमासुद्धा उंबऱ्याशी ओळीनं खाकरतात, पणजोबा थांबायचा तशाच घटकाभर थांबतात आणि आत जातात. कशासाठी थांबायचं, हे बेटावर कुणालाच माहीत नव्हतं.

आत्यानं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. “एवढ्या वर्सांत त्याला कुनीच आत बोलावलं न्हाई व्हय रं?” म्हणाली, आणि रडली.

दार शेवटी चौकटीसकट निखळलं. फेटा सुटलेले मामंजी बाहेर आले, पण तोवर पाहुणा आत्याच्या घरापुढे गेला होता. तिनं स्वतः पत्रा लाथेनं पाडला आणि आत जाऊन बसली.

पाहुणा खाकरला. आत्या गप्प. त्याला वाटलं ऐकू गेलं नसेल, म्हणून परत खाकरला.

“ऐकलं रं,” आत्या आतून म्हणाली. “ऐकत हुते. या बाबा, आत या.”