हिरव्या तळ्यातली माझी भूक

मी एक जुना जिवाणू आहे. किती जुना ते विचारू नका. आम्ही वाढलो की मधोमध दुभंगतो आणि एकाचे दोन होतो, त्यामुळे आमच्यात बाप कोण आणि मुलगा कोण याचा निकाल कधीच लागत नाही. मित्रांनो, बाळकुमच्या खाडीकाठी एक खाऱ्या पाण्याचं तळं आहे. भरतीला बांधातलं लाकडी दार उघडलं की खाडीचं पाणी आत येतं. त्या पाण्याबरोबर मी आलो आणि तळाच्या चिखलात राहिलो.

माझं काम म्हणजे मेलेलं खायचं आणि त्याची माती करायची. ‘जंतू’ म्हणून तुम्ही नाक मुरडता, पण आम्ही नसतो तर त्या तळ्याचा उकिरडा झाला असता. वर उन्हात शेवाळाचे बारीक कण राहत. त्यांच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड रसावर माझे नाजूक भाऊबंद जगत आणि आम्ही खादाड मंडळी खाली बसून असू. सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं.

तळं निकोलसचं. त्याने आणि त्याची बायको एमिलिया हिने त्यात जिताडे वाढवले होते. लेकीच्या, सेरेनाच्या लग्नात पाहुण्यांना घरचेच जिताडे वाढायचे, असा त्याचा हट्ट होता. मासे बोटाएवढे होते तेव्हापासून तो त्यांना हाताने कोळंबी चारायचा.

यंदा खाडीत नव्या इमारतींचं सांडपाणी फार आलं. शेवाळाला आयतं खत मिळालं आणि ते असं फोफावलं की पाणी पालकाच्या रसासारखं दिसू लागलं. आमचीही घडी विस्कटली. नाजूक भाऊबंद मागे पडले आणि आम्हा खादाडांची चंगळ झाली.

निकोलसच्या समाजात लग्नाच्या आदल्या दिवशी ‘उंबराचं पाणी’ असतं. बायका नटूनथटून, बँड लावून विहिरीवर जातात आणि नवरीच्या आंघोळीचं पाणी आणतात. विहीर तळ्याला लागूनच. पाहुण्यांनी हिरवं पाणी बघितलं तर काय म्हणतील, या काळजीने निकोलसने दोन दिवस आधी तळ्यात शेवाळ मारायचं निळं मोरचूद ओतलं. शेवाळ एकदम मेलं आणि आमच्यावर येऊन पडलं. मोरचूद आम्हा जंतूंनाही मारतं, पण खोल चिखलात होतो म्हणून मी वाचलो.

मग आम्ही खाल्लं, मित्रांनो. अधाशासारखं खाल्लं, एकाचे दोन, दोनाचे चार होत गेलो. पण खायला आम्हाला पाण्यातला प्राणवायू लागतो. तो आम्ही संपवला.

बँड वाजत विहिरीपाशी आला तेव्हा जिताडे तोंडं वर काढून आ वासत होते. दोन-तीन उलटे तरंगत होते.

“अवो, काय टाकलं तुमी पान्यात?” एमिलियाने विचारलं.

“मोरचूद,” निकोलस पुटपुटला. “साफ दिसावं म्हनून.”

ओहोटी होती, दार उघडून उपयोग नव्हता. सेरेना कल्याणला शोभेच्या माशांच्या दुकानात कामाला. ती म्हणाली, “पप्पा, त्यांना हवा पायजे. दुकानात टाकीला पंप लावतो तो त्यासाठीच. पाणी उचला आणि उंचावरून ओता.”

“पण मोरचुदातले मासे आता पाहुण्यांना वाढता येतील का?” तिची चुलत बहीण जेनिफर म्हणाली.

“नाय येनार,” सेरेना म्हणाली.

“मग कशाला मरायचं चिखलात?”

निकोलसने अंगातला नवा कोट काढून बांधावर टाकला. “माज्या हातचं खाल्लंय त्यांनी,” एवढंच बोलून तो कमरेएवढ्या पाण्यात उतरला.

त्याच्या मागून सेरेना उतरली, एमिलिया उतरली आणि शेवटी लुगडं खोचून जेनिफरसुद्धा. फुलं बांधलेल्या कळशा भरायच्या, डोक्याच्या वर न्यायच्या आणि ओतायच्या. बँडवाले वाजवतच राहिले. भरती येईपर्यंत हे चाललं. बरेच जिताडे गेले, पण काही तगले. लग्नात बाजारातली सुरमई वाढली आणि निकोलसने त्याबद्दल कुणाची क्षमा मागितली नाही.

माझं काय? त्या दिवशी मला माझ्या भुकेची लाज वाटली. माशांचा जीव जात होता आणि मी खातच होतो. मित्रांनो, खाडीत घाण सोडताना आणि ती झाकायला औषध ओतताना माझी आठवण ठेवा. समोर आलेलं खाणं मला थांबवता येत नाही. माझ्यापुढे किती टाकायचं, ते तुम्हाला थांबवता येतं.