चिंचोक्याची खळ

लोणी देवकरच्या एमआयडीसीत ब्लँकेटचा कारखाना आला, तेव्हा ज्यांच्या नावावर सातबारा होता त्यांना मोबदला मिळाला. म्हाळसाच्या घरची मेंढरं चार पिढ्या त्याच माळावर चरली होती, पण मेंढरांच्या नावाचा सातबारा कुठल्या तलाठ्यानं काढलाय? म्हाळसानं मेंढरं विकली आणि एकच गोष्ट मनात धरली. माळ गेला तर गेला, त्या माळावरचं काम तरी आपल्या पोरींना मिळालंच पाहिजे.

त्यापायी सरपंच आप्पासाहेबांना तिनं वर्षभर सुखाचा घास गिळू दिला नाही. शेवटी सत्त्याण्णव साली तिघांत करार झाला. गावानं समाजमंदिर द्यायचं, आप्पासाहेबांच्या पाणीपुरवठा संस्थेनं वीज द्यायची, आणि कारखान्यानं सूत गुंडाळायची दोन यंत्रं न् शिकवायला मास्तर. तीन महिन्यांनी परीक्षा घेऊन पोरींना कामावर घ्यायचं. वर्गात आठ पोरी बसल्या. त्यांत म्हाळसाची छकुलीही होती, एकोणीस वर्षांची, नववी नापास.

मास्तर आठवड्यातून तीनदा यायचा होता. तो महिन्यातून तीनदा आला. पोरी आपल्याच बुद्धीनं यंत्र चालवायच्या आणि सूत तटातट तुटायचं. बघून बघून म्हाळसाचे हात शिवशिवायला लागले. घोंगडीचा ताणा तुटू नये म्हणून तिच्या सासूनं, आजेसासूनं जन्मभर चिंचोक्याची खळ लावली होती. मग हे सूत काय आभाळातून पडलंय? तिनं पातेलंभर खळ शिजवली आणि पोरींकडून सुताला फासून घेतली. अर्ध्या तासात दोन्ही यंत्रांचे रूळ असे चिकटले, की मोटारी घुंघुं करून गप्पच बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याचे मॅनेजर ट्रक घेऊनच आले.

"मी आधीच सांगत होतो," ते आप्पासाहेबांना म्हणाले, "या लोकांना मशीनची अक्कल नाही. वर्ग बंद. मशीन परत नेतो. कामगार आम्ही बाहेरून आणू."

आप्पासाहेबांनी हात जोडले. एवढ्या मोठ्या ऊसबागायतदाराचे हात इतक्या पटकन जुळलेले पाहून म्हाळसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पदर खोचून ती दारात उभी राहिली.

"खळ लावायला म्या सांगितलं, सायेब. चूक माझी, ती मी पदरात घेते. तुमची कुणी घ्यायची? मास्तर महिन्याला बारा दिस यायचा हुता, तीन दिस आला. पाटीवर कुणी गिरवून दिलंच न्हाय, अन् अक्षर वाकडं आलं म्हणून पाटी फोडताय व्हय?"

मॅनेजर काही बोलणार, तेवढ्यात आत मोटार सुरू झाल्याचा आवाज आला. छकुली पहाटेपासून रूळ काढून गरम पाण्यानं धूत होती. एक यंत्र तिनं पुन्हा जोडलं होतं आणि ते चालत होतं. मॅनेजर आत गेले, वाकून बघितलं. माणूस करडा होता, पण आंधळा नव्हता.

"ही मुलगी कोण? हिला उद्यापासून कारखान्यात पाठवा. बाकीचं विसरा."

म्हाळसानं वर्षभर याचसाठी जीव टांगणीला लावला होता. नुसती मान हलवायची बाकी होती, आणि खरं सांगायचं तर ती हलणारच होती.

पण छकुली बोलली. "सायेब, आमच्यात चार घरची मेंढरं एका कळपात असत्यात. वढ्याला पाणी आलं तर आपली तेवढी पार करून कुणी वाटंला लागत न्हाय. शेवटचं कोकरू येईस्तवर समदी थांबत्यात. शिकवायचं तर आठी जणींना शिकवा. न्हायतर मी बी येत न्हाय."

क्षणभर म्हाळसाला वाटलं, कार्टीच्या एक मुस्काटात द्यावी. दुसऱ्या क्षणी तिला आपल्याच हलू घातलेल्या मानेची लाज वाटली. ती गपकन लेकीच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

आप्पासाहेबांनी जोडलेले हात सोडले. "सर्जेराव," त्यांनी आपल्या ड्रायव्हरला हाक मारली, "ट्रॅक्टर दाराम्होरं आडवा लाव." मग मॅनेजरांकडं वळून म्हणाले, "करार तिघांचा हाय, सायेब. एकट्यानं मोडायचा न्हाय."

ट्रक रिकामा गेला. चार दिवस कारखान्यातून कुणी फिरकलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी आठला मास्तर आला, तेव्हा पोरींच्या पुढं, पहिल्या यंत्रापाशी, म्हाळसा मांडी घालून बसली होती.

"मावशी, तुम्हालाही नोकरी पाहिजे?" तो हसला.

"न्हाय. पर आधी मला शिकवा, अन् नीट शिकवा. तुमी येनार न्हाय त्या दिशी ह्या पोरींना मीच शिकवनार हाय."

मास्तरचं हसू मावळलं. त्यानं पिशवी खाली ठेवली आणि यंत्राचं झाकण उघडलं.